सोडल्यावर काय मिळते?

यंदा तंबाखूविरोधी व्याख्यानाची पाळी माझ्याकडे आली. दरवर्षीप्रमाणे मी पडद्यावर काळ्या पडलेल्या फुप्फुसांची चित्रे दाखवली, कर्करोगाबद्दल सांगितले, पाकिटावरच्या इशाऱ्याकडे बोट दाखवले. मागच्या दोन रांगा डुलक्या काढत होत्या. शेवटी "काही शंका?" असे विचारल्यावर अकरावीचा एक कॅडेट सावधान स्थितीत उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ओढल्यावर काय होतं ते कळलं. सोडल्यावर काय मिळतं?"

वर्ग हसला. "आरोग्य मिळतं, बसा खाली," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण मुलाचा प्रश्न रास्त होता आणि माझे उत्तर पळपुटे होते. मी स्वतः अकरा वर्षे सिगारेट ओढली आहे. सोडूनही आता बरीच वर्षे झाली. म्हणजे या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते, पण ते द्यायला लाज वाटली. ते उत्तर आज या पानावर देतो. त्याची सुरुवात झाशीत होते, ओरछा गेटपाशी.

नोकरीत असताना माझी बदली झाशी छावणीत झाली होती. झाशीत मराठी माणूस अगदीच परका नसतो. नेवाळकरांच्या काळापासून तिथे वसलेली मराठी घरे आजही आहेत. घरात मराठी आणि उंबरा ओलांडला की हिंदी किंवा बुंदेली. माझ्या आईचे एक मामा तिथलेच. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणत असू. त्यांचे घर जुन्या शहरात, ओरछा गेटच्या आत. झाशीच्या तटाला अनेक दरवाजे आहेत आणि जो रस्ता जिकडे जातो त्या गावावरून बऱ्याच दरवाजांना नावे पडली आहेत: दतिया, उन्नाव, भांडेर, सागर, ओरछा. ओरछा म्हणजे बेतवा नदीकाठचे बुंदेल्यांचे जुने राजधानीचे गाव. तिथल्याच वीरसिंहदेव राजाने सतराव्या शतकाच्या आरंभी झाशीचा किल्ला बांधला.

दर रविवारी मी तात्यांकडे जेवायला जात असे. गेटाबाहेर एक गुमटी होती. तिथे थांबून एक सिगारेट ओढायची, हापशावर हात आणि तोंड धुवायचे, वेलदोडा चघळायचा आणि मग आत जायचे, हा माझा क्रम. परतताना पुन्हा तेच. अंगावर हवालदाराच्या तीन फिती होत्या, घरी बायको आणि मुलगी होती, हाताखाली चाळीस रिक्रूट होते, आणि मी शाळकरी पोरासारखा भिंतीआड लपून धूर सोडत होतो. तात्यांना काही कळत नाही अशी माझी समजूत होती.

एका रविवारी ताटावर बसताना तात्या सहज म्हणाले, "काय रे, आज एकच ओढलीस की दोन?"

घास हातातच राहिला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मी वीस वर्षं बिडी ओढली. मला वास कळणार नाही होय? तुला हे गेट ठाऊक आहे ना? इथले लोक सांगतात, १८५८ साली इंग्रजांच्या तोफांना जे जमलं नाही ते या दरवाज्याने केलं. कुणीतरी आतून उघडला म्हणे."

ही गोष्ट झाशीत लहान मुलेही सांगतात. इतिहासाचे म्हणाल तर मतभेद आहेत. सर ह्यू रोजच्या सैन्याने मार्च १८५८ मध्ये झाशीला वेढा घातला आणि ३ एप्रिलला शहरावर हल्ला चढवला. इंग्रजांच्या अहवालांत तटाला पाडलेल्या खिंडाराचा आणि तटाला लावलेल्या शिड्यांचा उल्लेख येतो. आपल्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या दिवसांत झाशीतच होते. त्यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले; कॅडेट मित्रांनी ते जरूर वाचावे. दरवाजा खरोखर कुणी उघडला का, याचा निकाल मी लावू शकत नाही. पण लोकांनी ही गोष्ट दीडशेहून अधिक वर्षे का जपली, ते मात्र मला त्या दिवशी कळले. बाहेरून पडलेली भिंत माणूस विसरतो, पण आतून उघडलेले दार त्याच्या मनातून जात नाही.

तात्यांनी पुढे उपदेश केला नाही. एक काम दिले. "तू फौजी आहेस. मोजमाप तुला जमतं. आठ दिवस एक काम कर. किती वाजता उठून गेलास, किती वाजता परत आलास, आणि जाण्याआधी काय करत होतास, एवढं लिहून आण. सोड म्हणत नाही मी."

खिशातल्या छोट्या डायरीत मी आठ दिवस नोंद ठेवली. दिवसाला सरासरी १२ सिगारेटी. एकेका वेळी सरासरी ७ मिनिटे, कारण सिगारेट म्हणजे नुसते ओढणे नव्हे. उठणे, आडोशाला जाणे, काडेपेटी मागणे, परत येऊन हात धुणे हेही त्यातच आले. बारा सत्ते चौऱ्याऐंशी. रोज ८४ मिनिटे. वर्षाचे ५११ तास, म्हणजे चोवीस तासांचे २१ दिवस. जवानाला वर्षाची रजा ६० दिवसांची. तिचा तिसरा हिस्सा मी दरवर्षी बराकीच्या मागच्या भिंतीला देत होतो. मुलगी फोनवर "बाबा, कधी येणार?" विचारायची तेव्हा मी सांगायचो, "रजा कमी पडते गं."

पण खरा धक्का डायरीच्या शेवटच्या रकान्याने दिला: जाण्याआधी काय करत होतास? 'फायरिंगचा निकाल लिहीत होतो, अर्धवट.' 'उद्याच्या पाठाची तयारी, अर्धवट.' 'घरी पत्र, अर्धवट.' आठ दिवसांत कुठलेही तासाभराचे काम मी एका बैठकीत संपवलेले नव्हते. मोडलेले काम पुन्हा हातात घेतले की कुठवर आलो होतो ते आठवण्यात आणखी पाच-दहा मिनिटे जातात. ती तर मी मोजलीच नव्हती.

ओढणारा लगेच म्हणेल, "पण सिगारेटीने डोके चालते, ताण जातो." मीही हेच म्हणत असे, म्हणून यामागचे गणित नीट समजून घेतले पाहिजे. धूर आत घेतला की काही सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते आणि बरे वाटते. पण रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. ते उतरू लागले की चुळबुळ सुरू होते, चिडचिड होते, लक्ष उडते. पुढची सिगारेट ही चुळबुळ थांबवते आणि आपण म्हणतो, ताण गेला. तो ताण आणला कोणी? आधीच्या सिगारेटीने. सावकाराकडून कर्ज काढून त्याच सावकाराचे व्याज फेडावे आणि वर त्याचे आभार मानावेत, तसा हा व्यवहार आहे. न ओढणारा माणूस सकाळी उठल्यापासून ज्या स्थितीत असतो, तिथे पोहोचायला ओढणारा दिवसातून बारा वेळा पैसे मोजतो. सोडल्यानंतर पहिले काही आठवडे सरले की माणसाची चिंता आणि ताण वाढत नाही, उलट कमी होतो, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे.

आता धावणाऱ्यांसाठी. सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या गाडीतल्या काही जागा हा फुकट्या आधीच अडवून बसतो. सपाटीवर गप्पा मारताना ते जाणवत नाही. पाठीवर वजन आणि हातात रायफल घेऊन ५ किलोमीटर धावताना, किंवा हवाच विरळ असलेल्या उंचीवर चढताना, ते पुरेपूर जाणवते. याच वायूमुळे अंधारात दिसण्याची क्षमताही घटते. रात्रीच्या पहाऱ्यावरच्या माणसाने याचा विचार करावा. अमेरिकी लष्करातल्या प्रशिक्षणार्थींच्या अभ्यासांत, ओढणाऱ्यांना प्रशिक्षणात दुखापती जास्त होतात असे आढळले. त्याच लष्कराने १९७५ मध्ये शिध्याच्या डब्यातून सिगारेटी काढून टाकल्या. एका काडीवर तिसऱ्याने सिगारेट पेटवू नये, हा सैनिकांतला जुना समज तुम्ही ऐकला असेल. पहिल्या ज्योतीला शत्रूला जागा दिसते, दुसरीला तो नेम धरतो, तिसरीला गोळी येते. समज म्हणून सोडून द्या. पण अंधारात विस्तव दिसतो, हे तर खरेच आहे.

आणि हे नुकसान भरून निघते. शेवटची सिगारेट विझवल्यावर २० मिनिटांत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उतरू लागतात. १२ तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नेहमीच्या पातळीवर येतो. दोन ते बारा आठवड्यांत रक्ताभिसरण आणि फुप्फुसांचे काम सुधारते. एक ते नऊ महिन्यांत खोकला आणि धाप कमी होते. वर्षभरानंतर हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारे निम्म्यावर येतो. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षे पाठपुरावा केला. त्यात असे दिसले की, आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी जातात. पण साठीत सोडणाऱ्याला त्यातली सुमारे तीन वर्षे परत मिळतात, पन्नाशीत सोडणाऱ्याला सहा, चाळिशीत नऊ आणि तिशीत सोडणाऱ्याला जवळजवळ सगळी. ज्या पालकांना वाटते, "आता या वयात सोडून काय उपयोग?", त्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत.

"बिडी चालते, ती पानाची असते," हा गैरसमजही इथेच काढून टाकू. आपल्याकडे सिन्नरला, तिकडे बुंदेलखंडात सागरला बिडीचा मोठा धंदा, त्यामुळे बिडी अनेकांना घरचीच वाटते. तेंदूचे पान सिगारेटच्या कागदासारखे सहज जळत नाही. बिडी विझू नये म्हणून ती वारंवार आणि जोराने ओढावी लागते. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तिच्यातून कमी जात नाहीत. तात्यांची धाप हीच बिडीची देणगी होती. किल्ल्याचा चढ त्यांना तीनदा थांबून चढावा लागे, त्या वर्षी त्यांनी ती सोडली.

मी सोडली ती एका फटक्यात नव्हे. पहिला प्रयत्न चार दिवस टिकला, दुसरा तीन आठवडे. दुसऱ्या वेळी एका लग्नात "एकच घे" म्हणणारा मित्र भेटला, आणि एकच म्हणता म्हणता पाकीट आले. तिसऱ्या वेळी मी दिवस ठरवला, बायकोला आणि माझ्या हाताखालच्या रिक्रूटांना आधी सांगून ठेवले. चाळीस पोरांचे डोळे आपल्यावर आहेत म्हटल्यावर हात खिशात जाताना अडखळतो. पहिले तीन दिवस सर्वांत वाईट गेले. झोप मोडे, कुणाच्याही अंगावर ओरडावेसे वाटे. पण एक गोष्ट मला मोजून कळली: तलफ लाटेसारखी येते आणि काही मिनिटांत ओसरते. ती आली की मी पाणी पीत असे, नाहीतर बराकीला एक फेरी मारून येत असे. पहिले काही दिवस खोकला वाढला, मी घाबरलो. आमच्या डॉक्टरांनी सांगितले, फुप्फुसे साफसफाई करत आहेत. भूक वाढली, वजन चार किलोंनी वाढले, धावून ते उतरवले. महिन्याभराने तलफ रोजची राहिली नाही.

आणि मग जे मिळाले ते असे. सकाळचा पहिला तास मिळाला. पूर्वी डोळे उघडल्याबरोबर काडेपेटी शोधायचो; आता पीटीच्या आधी दिवसाचा पाठ एका बैठकीत वाचून होऊ लागला. रिपोर्ट वेळेवर जाऊ लागले. रात्रीची झोप मिळाली, कारण निकोटिन उत्तेजक असते आणि झोपण्यापूर्वीची सिगारेट झोपेच्या आड येते. ५ किलोमीटरच्या धावेत शेवटचा किलोमीटर मी रिक्रूटांच्या मागून नव्हे, त्यांच्याबरोबर धावू लागलो. जेवणाची चव परत आली. तात्यांच्या घरच्या आमटीला गोडा मसाला असतो, हे मला त्या वर्षी नव्याने कळले. सात महिन्यांच्या वाचलेल्या पैशांत मुलीची सायकल आली. रजेवर गेल्यावर ती गळ्यात पडली आणि "बाबा, वास येतो" म्हणून मागे सरकली नाही. या प्राप्तीची किंमत कुठल्या रकान्यात लिहावी, मला अजून कळलेले नाही.

पण या सगळ्यांहून मोठी प्राप्ती वेगळीच होती. एका रविवारी ओरछा गेटपाशी पोहोचलो आणि गुमटीपाशी न थांबता सरळ आत गेलो. हात धुवायचे नव्हते, वेलदोडा नको होता, कुणी पाहिले का म्हणून मागे बघायचे नव्हते. लपवायला काही उरले नव्हते. अकरा वर्षे माझा दिवस दोन तुकड्यांत वाटलेला होता, एक लोकांना दाखवायचा आणि एक लपवायचा. तो पुन्हा अखंड झाला. सोडल्यावर काय मिळते, याचे माझे उत्तर हे आहे. माणसाला आपला सगळा दिवस परत मिळतो.

म्हणूनच आपल्या शिक्षेच्या पद्धतीबद्दल मला थोडे बोलायचे आहे. सापडलेल्या कॅडेटला आपण मैदानाच्या फेऱ्या देतो, घरी पत्र पाठवतो. शिस्त हवीच, मी स्वतः फेऱ्या दिल्या आहेत. पण निव्वळ शिक्षेने मुलगा एकच गोष्ट पक्की शिकतो: पुढच्या वेळी सापडायचे नाही. म्हणजे लपवणे, जे या सवयीचे अर्धे अंग आहे, ते आपणच त्याच्याकडून घोटून घेतो. माझे मत असे की, फेऱ्यांबरोबर त्याच्या हातात तात्यांसारखी डायरी द्यावी, आणि जो स्वतःहून येऊन "सर, मला सोडायची आहे" म्हणेल त्याला शिक्षा नव्हे, सोबत द्यावी. काही सहकाऱ्यांना हे मवाळ वाटेल. त्यांना एवढेच सांगतो: स्वतःहून येऊन कबूल करायला मैदानाच्या दहा फेऱ्यांहून जास्त हिंमत लागते. आणि आपल्यापैकी जे स्टाफरूमच्या मागे जातात, त्यांनी मुलांना काही कळत नाही या भ्रमात राहू नये. मी राहिलो होतो.

पालकांनाही विनंती आहे. सुटीत घरी आलेल्या मुलाला कोपऱ्यावरून पाकीट आणायला पाठवू नका. १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकणे या दोन्ही गोष्टींना २००३ च्या कायद्याने बंदी आहे. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे. तिला 'नुसती वाफ' म्हणून माफी देऊ नका. महाराष्ट्रात धुरापेक्षा तंबाखू, मिश्री आणि खर्रा जास्त चालतो. तिथे धूर नाही, पण निकोटिन तेच आहे आणि गुलामीही तीच. सोडण्यासाठी मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा मोफत दूरध्वनी आहे. मदत मागण्यात कमीपणा नाही. एकट्याने दोनदा हरलेला माणूस हे सांगतो आहे.

आणि कॅडेट, तू ज्याने प्रश्न विचारलास. ज्याने कधी सुरुवातच केली नाही, त्याला सोडण्याची पाळी येत नाही. त्याचा दिवस मुळातच त्याचा आहे. ज्याने केली असेल त्याने आठ दिवस मोजून पाहावे आणि डायरी घेऊन माझ्याकडे यावे. नाव विचारणार नाही, फेऱ्या देणार नाही. बाहेरचा तट आम्ही शिक्षक आणि तुझे पालक मिळून सांभाळू. दाराची कडी मात्र आतल्या बाजूला असते, आणि तिच्यावर हात तुझाच असतो.